आमच्या गीझरला भूत लागलं होतं!

नळ बंद, बाथरूम रिकामं आणि गीझर मात्र ढणाढणा पेटलेला! ‘भूत आहे गं’ म्हणून आम्ही तिघी दोन महिने हसत राहिलो. मग एका रविवारी आमचं हसू एकदम बंद झालं...

रात्रीचे पावणेतीन. बाहेर पुण्याची डिसेंबरातली थंडी, अंगावर दोन गोधड्या आणि सकाळी दहाची डेडलाइन. नुकता कुठे डोळा लागत होता, इतक्यात शेजारच्या बाथरूममधून आवाज आला. टक् टक् टक् टक्... भप्प! बंद दाराच्या फटीतून निळसर उजेड, मिनिट-दीड मिनिट घरघर आणि मग पुन्हा सगळं चिडीचूप.

बाथरूममध्ये कुणीही नव्हतं.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा आम्ही तिघीही जाम टरकलो. तिघी म्हणजे कोथरूडच्या एका भाड्याच्या टू बीएचकेमधल्या तीन रूममेट्स. अटॅच्ड बाथरूमवाल्या मोठ्या बेडरूममध्ये आयटीवाली, छोट्या बेडरूममध्ये बँकवाली आणि हॉलमधल्या दिवाणावर मी. फ्रीलान्सरच्या बजेटमध्ये तेवढंच बसतं! हॉलला लागून कॉमन बाथरूम आणि त्याच्या भिंतीवर घराबरोबर ‘फ्री’ मिळालेला गॅस गीझर. सिलिंडर ड्राय बाल्कनीत. दोन्ही बाथरूम्सना गरम पाणी ह्याच एका गीझरचं.

आठवडाभरात टरकणं संपलं आणि जोक्स सुरू झाले. आयटीवालीने गीझरचं नाव ‘बाबूराव’ ठेवलं. रात्री दोनला यूएसचा कॉल संपवून ती झोपायला गेली की बाबूराव पेटायचा. सकाळी मी किचनमध्ये चहा टाकत असले तरी पेटायचा. घरी आलेल्या मित्रमंडळींना आम्ही बाबूरावची ओळखसुद्धा करून द्यायचो.

तक्रार केलीच नाही असं नाही. घरमालक काकूंना फोन केला. “अगं, लोडशेडिंगच्या काळात बसवलाय तो. इतक्या वर्षांत काही झालं नाही. तुम्ही मुली रात्री-अपरात्री पाणी वापरत असाल!” ब्रोकर म्हणाला, “मॅडम, माझं काम अ‍ॅग्रीमेंटपर्यंत.” वॉचमनकाकांनी “प्रेशरचा प्रॉब्लेम आहे” असं निदान केलं आणि विषय तिथेच संपला. मेकॅनिक बोलवायचा तर त्याचे पैसे कुणी द्यायचे ह्यावर आमच्यातच एकमत होईना. अकरा महिन्यांचं तर घर. कशाला उगाच खर्चात पडा?

जानेवारीत थंडी वाढली, तशी बँकवालीने बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्यांना थर्माकोल लावून वारा बंद केला. आम्ही दोघींनी तिला मनापासून थँक्यू म्हटलं.

तो रविवार

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बँकवाली स्वेटर्स धुवायला बसली. लोकर गरम पाण्यात आटते, म्हणून मुद्दाम थंड पाण्यात. दार लोटलेलं, मोबाइलवर गाणी आणि थंड पाण्याचा नळ चालू. मी हॉलमध्ये लेख पूर्ण करत होते. आतून टक् टक् टक् ऐकू आलं आणि पाठोपाठ तिचा आवाज, “ए, बाबूराव पेटला गं!”

आम्ही हसलो. दोघीही. तो हसण्याचा आवाज मला अजून विसरता येत नाही.

पाऊण गाणं, एक गाणं, तीन गाणी. मग बादली कलंडल्याचा आवाज आला. मी हाक मारली, उत्तर नाही. दार ढकललं तर ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धवट उघडे, आणि वर बाबूराव घरघरत होता. नशीब की तिने कडी लावली नव्हती. आयटीवालीने आणि मी तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं, थेट बाल्कनीत नेलं. ती भडाभडा ओकली. “डोकं फुटतंय,” एवढंच म्हणत होती. आज कोणता वार आहे, ते तिला सांगता येईना.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ९८. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांचा मात्र पडला नाही. त्यांचा पहिला प्रश्न, “घरात गॅस गीझर आहे?”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

न दिसणारा, न येणारा वास

डॉक्टरांनी जे सांगितलं, ते आपल्यासारख्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. आपल्याला गॅस म्हटलं की गळतीची भीती वाटते. गळतीचा वास येतो, कारण एलपीजीमध्ये मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. आमच्याकडे गळती झालीच नव्हती. गॅस व्यवस्थित जळत होता आणि गोची नेमकी तिथेच होती.

गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. हवा भरपूर असली की कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. बंद, चिमुकल्या बाथरूममध्ये गीझर तिथलाच ऑक्सिजन खातो, मग जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन मात्र ऑक्सिजन सोडून त्यालाच धरून बसतं, कारण ही पकड ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहूनही घट्ट असते. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. माणसाला वाटतं, झोप झाली नाही, पित्त झालं असेल. उठून बाहेर यावं हे कळेपर्यंत पायातली शक्ती गेलेली असते.

आणि तो ९८चा आकडा? साधा बोटाचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतो. म्हणजे माणूस गुदमरत असताना मशीन ‘ऑल इज वेल’ दाखवतं! खरं चित्र रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळतं. उपचार म्हणजे मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड निघून जायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तासात तेवढं काम होतं. म्हणून ‘थोडी पडून राहा, बरं वाटेल’ हा घरगुती फंडा इथे चालत नाही.

बँकवालीला रात्रभर ठेवून घेतलं. सोमवारी ती घरी आली. पुढचा आठवडाभर तिचं डोकं दुखत होतं आणि एटीएमचा पिन दोनदा चुकला. बँकेतल्या बाईचा!

मेकॅनिककाकांची तपासणी

त्याच दिवशी आम्ही तिघींनी पैसे काढून गॅस गीझरचं काम करणाऱ्या एका अनुभवी मेकॅनिककाकांना बोलावलं. मला वाटलं, ते आल्या आल्या गीझर खोलतील. त्यांनी आधी खिडकीवरचा थर्माकोल काढला, काही न बोलता माझ्या हातात दिला आणि गॅसचा कॉक बंद केला. मग म्हणाले, “ताई, गीझरला भूतबीत काही कळत नाही. त्याला नळसुद्धा कळत नाही. त्याला फक्त वाहतं पाणी कळतं.”

गॅस गीझरचा सगळा कारभार ह्या एका वाक्यात आहे. पाणी आत शिरलं की त्याच्या दाबाने एक रबरी पडदा म्हणजे डायफ्रॅम सरकतो. तो एका पिनला ढकलतो. पिनमुळे छोटा स्विच दबतो. मग दोन जाड्या सेलवर ठिणग्या उडायला लागतात, तेच आपलं टक् टक् टक्. त्याच वेळी गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि भप्प! वरच्या तांब्याच्या नळीतलं पाणी तापतं. पाणी थांबलं की पडदा मागे येतो, गॅस बंद. विजेची गरजच नाही. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रात हे गीझर घराघरांत का गेले, ते ह्यावरून कळतं.

म्हणजे आमचा गीझर पेटत होता, तेव्हा त्यातून पाणी वाहतच होतं. प्रश्न एवढाच, की सगळे नळ बंद असताना ते जात कुठे होतं?

काकांनी एक मस्त युक्ती केली. गॅस बंद ठेवला, सेल तसेच ठेवले. आता गीझर पेटणार नव्हता, पण पाणी वाहिलं तर टक् टक् मात्र करणार होता. मग मला एकेक नळ उघडायला लावला. कॉमन बाथरूमचा थंड पाण्याचा नळ उघडला... टक् टक् टक्! कमोडचा फ्लश ओढला... टक् टक् टक्! आयटीवालीच्या बाथरूममधला फ्लश ओढला, तरी टक् टक् टक्! किचनचा नळ उघडला, पुन्हा तेच. गरम पाण्याला आम्ही हातही लावला नव्हता.

काका सरळ आयटीवालीच्या बाथरूममध्ये गेले आणि तिच्या शॉवरकडे बघून हसले.

दिवाळीच्या सेलमध्ये तिने नवा हँड शॉवर घेतला होता, मुठीत बटण असलेला. बटण दाबलं की पाणी, सोडलं की बंद. ती रोज गरम आणि थंड दोन्ही नॉब आपल्याला हव्या त्या मापात उघडून ठेवायची. ‘परफेक्ट टेंपरेचर’ एकदा जमलं की कोण रोज पुन्हा सेट करणार? अंघोळ झाली की नुसतं बटण सोडायचं. शॉवरमधून थेंबही येत नव्हता. पण आत मिक्सरमध्ये गरम पाण्याची लाइन आणि थंड पाण्याची लाइन चोवीस तास एकमेकींना जोडलेल्या!

आता घरात कुठेही थंड पाणी सुरू झालं की थंड लाइनमधला दाब कमी व्हायचा. तिथे पाणी जायला एक नवा शॉर्टकट तयार झाला होता. टाकीतून गीझरमध्ये, गीझरमधून गरम लाइनमध्ये, आयटीवालीच्या मिक्सरमधून थंड लाइनमध्ये आणि तिथून फ्लशच्या टाकीत. त्यात थंड लाइनचा व्हॉल्व्ह अर्धवट गंजून बसलेला, त्यामुळे पाण्याला हाच रस्ता सोपा पडत होता. रात्री दोनला कॉल संपवून आयटीवाली झोपण्याआधी फ्लश करायची आणि बाबूराव पेटायचा. टाकी भरली की विझायचा. सकाळी मी चहासाठी पाणी घेतलं की पुन्हा तेच. रविवारी बँकवालीने थंड पाण्याचा नळ सोडला तो बंदच केला नाही. म्हणून गीझरही विझला नाही.

काकांनी गीझर उघडला तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं जड पाणी येतं. त्यातल्या क्षारांचा पांढरा थर पिनवर जमला होता आणि ती सरकायला कुरकुरत होती. “ही आज ना उद्या अडकली असती,” काका म्हणाले. पिन अडकली की पाणी बंद केल्यावरही ज्योत चालू राहते, आतलं साचलेलं पाणी उकळतं आणि पुढच्या माणसाच्या अंगावर वाफाळतं पाणी येतं.

आयटीवाली दारात उभी राहून सगळं ऐकत होती. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. बँकवालीने घरी आल्यावर तिला मिठी मारली आणि म्हणाली, “थर्माकोल तर मीच लावला होता ना?” आणि हसले होते मी. हिशोब केला तर आम्ही तिघीही त्यात होतो.

गीझर कुणाचा?

दुरुस्ती फार मोठी नव्हती. पिन साफ केली, डायफ्रॅम बदलला, गंजलेला व्हॉल्व्ह काढला. मिक्सरकडे जाणाऱ्या थंड लाइनवर पाणी उलटं जाऊ नये म्हणून एकाच दिशेने पाणी सोडणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाकला. हँड शॉवर आहे तोच राहिला, फक्त आता दोन्ही नॉब बंद करायचे. पण काकांनी गीझर पुन्हा बाथरूममध्ये लावायला साफ नकार दिला. “बाहेर मोकळ्या हवेत लावतो, नाहीतर दुसरा माणूस बघा.”

त्यासाठी भिंतीला भोक पाडून पाइप न्यायचे म्हणजे घरमालक काकूंची परवानगी हवी. मी पुन्हा फोन केला. ह्या वेळी प्रेशर, आवाज वगैरे काही बोलले नाही. हॉस्पिटलमध्ये काय झालं ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग काकू म्हणाल्या, “अगं, माझी स्वतःची मुलगी त्याच बाथरूममध्ये अंघोळ करायची गं.” दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. खर्च निम्मा त्यांचा, निम्मा आमचा. गीझर ड्राय बाल्कनीत गेला.

मला मात्र एक गोष्ट लागून राहिली आहे. वायफाय दहा मिनिटं गेलं तर आम्ही कस्टमर केअरला तीन फोन करतो. इथे एक आग लावणारं यंत्र दोन महिने मनाला येईल तेव्हा पेटत होतं आणि आम्ही त्याचं बारसं केलं! मालकाला वाटतं, वापरतात ते बघतील. आपल्याला वाटतं, घर आपलं कुठे आहे? ब्रोकरला काहीच वाटत नाही. भाड्याच्या घरातल्या गीझरला वाली नसतो. त्याच्याखाली बसून कपडे धुणारी मात्र आपलीच मैत्रीण असते.

तेव्हा मंडळी, आज ऑफिसमधून घरी गेलात की पाच मिनिटं काढा. आधी बाथरूमची खिडकी बघा. मग गीझर कुठे लावलाय ते बघा. आणि तो न सांगता पेटत असेल, तर प्लीज, त्याला नाव ठेवू नका.

आमच्याकडे आता रात्री फ्लशचा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. मी तरीही क्षणभर कान देऊन ऐकते.

गीझर आपोआप पेटतोय? हे करा!

• सगळ्यात आधी गॅस बंद. गीझरचा कॉक आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. कारण सापडेपर्यंत बादली आणि शेगडी झिंदाबाद!

• वेळ लिहून ठेवा. गीझर पेटला तेव्हा घरात कोणता नळ, फ्लश किंवा वॉशिंग मशीन चालू होतं? दोन दिवसांत पॅटर्न दिसतो.

• मिक्सर तपासा. हँड शॉवर किंवा कमोडजवळचा जेट मिक्सरला जोडलेला असेल आणि दोन्ही नॉब उघडे असतील, तर चोर तिथेच आहे. वापर झाला की दोन्ही नॉब बंद.

• गळका नळ. गरम पाण्याचा नळ सतत धारेने गळत असेल, तरी गीझरला पाणी वाहतंय असंच वाटतं. वॉशर बदला.

• नळ बंद केल्यावरही ज्योत चालूच? पिन किंवा डायफ्रॅम अडकलाय. गॅस लगेच बंद करा आणि मेकॅनिक येईपर्यंत वापरू नका. जड पाण्याच्या भागात वर्षातून एकदा सर्व्हिसिंग मस्ट.

• जागा. गॅस गीझर बाथरूमच्या आत नको. ड्राय बाल्कनीसारख्या मोकळ्या हवेच्या जागी हवा आणि ती बाल्कनी काचा लावून बंद केलेली नको. घेताना आयएसआय मार्क बघा. एलपीजीवरच्या छोट्या घरगुती गीझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे.

• टायमरवर विसंबू नका. काही गीझर २० मिनिटांनी आपोआप बंद होतात. बंद बाथरूममध्ये त्याच्या आतच माणूस बेशुद्ध पडू शकतो. निळी ज्योत म्हणजे सेफ, हेही खरं नाही. पिवळी ज्योत किंवा काजळी मात्र नक्कीच धोक्याची.

• इलेक्ट्रिक गीझरवाल्यांनो, तुमचा टाकीवाला गीझर स्विच चालू असताना मधूनच ‘टक्’ करून सुरू होत असेल तर घाबरू नका. पाणी निवलं की थर्मोस्टॅट त्याला पुन्हा चालू करतो. पण वाफ यायला लागली, पाणी उकळल्याचा आवाज आला किंवा नळाला झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

• बाथरूममध्ये कुणी चक्कर येऊन पडलं तर आधी माणूस मोकळ्या हवेत, मग गॅस बंद, दारं-खिडक्या उघड्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. डॉक्टरांना ‘घरात गॅस गीझर आहे’ हे स्वतःहून सांगा. एलपीजीचा वास येत असेल तर विजेच्या बटणांना हात लावू नका, घराबाहेर पडा आणि १९०६ ह्या हेल्पलाइनला फोन करा.